पाणीच दार उघडतं!

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात, तर सकाळच्या चहाला एक प्रश्न हमखास कानावर पडतो. ‘राधानगरीची किती दारं उघडली?’ घरातल्या आजीपासून शाळेत निघालेल्या पोरापर्यंत सगळ्यांना उत्तर ठाऊक असतं. शिवाय नुसती संख्या सांगून कुणी थांबत नाही, नंबरही सांगतात. सहा नंबरचं उघडलं, पाच नंबरचं उघडलं, तीन नंबरचं मिटलं. घरातल्या माणसांची खबर द्यावी तशी ही दारांची खबर!

आता गंमत ऐका. ही दारं कुणीच उघडत नाही. बटण दाबावं लागत नाही, मोटर लावावी लागत नाही, साखळी ओढायला माणूस लागत नाही. धरणातलं पाणी ठरलेल्या उंचीला पोचलं की दार आपसूक उघडतं आणि पाणी उतरलं की आपसूक मिटतं. अशी सात दारं राधानगरी धरणाला आहेत.

मला धरणं बघायचा नाद आहे. कुणी किल्ले बघतं, कुणी पक्षी बघतं, मी धरणं बघतो. मोठी मोठी नावाजलेली धरणं पाहिली, तरी मन रमतं ते राधानगरीसारख्या लहान धरणांत. कारण इथं प्रत्येक गोष्ट नजरेच्या टप्प्यात असते. भिंत, दारं, वीजघर, नदी, पलीकडचा ऊस, सगळं एका चकरेत दिसतं आणि कशाचा कशाशी संबंध आहे तेही उमगतं.

कोल्हापूरहून दक्षिणेला, सह्याद्रीच्या बाजूला निघायचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि भात. मग डोंगर जवळ येतात, हवा गार होते, आणि फेजिवडे गावाजवळ भोगावती नदीवर आडवी पडलेली काळी दगडी भिंत दिसते. लांबी किलोमीटरभर, उंची पायापासून सुमारे 42 मीटर. मागे पाणी आणि त्याच्याही मागे दाजीपूरचं जंगल, जिथं गवे राहतात. 1958 साली या गव्यांसाठी इथं अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं.

मी गेलो तेव्हा पावसाची झड लागली होती. धरणावरच्या एका कर्मचाऱ्यांना विचारलं, ‘मामा, दार नेमकं कोण उघडतं?’ डोक्यावरचं इरलं सारखं करत ते म्हणाले, ‘कोन न्हाई. पानीच उघडतंय. आमी फकस्त टाईम लिवून ठेवतो.’ आणि खरंच, आडोशाला ठेवलेल्या वहीत त्यांनी वेळ टिपली होती.

पाणी दार कसं उघडतं, हे कळायला आधी पाण्याचा एक स्वभाव समजून घेऊ. प्लास्टिकची एक मोठी बाटली घ्या. बाजूला वर, मध्ये आणि तळाजवळ अशी तीन सारखी भोकं पाडा, म्हणजे मोठ्यांकडून पाडून घ्या. भोकांवर चिकटपट्टी लावा, बाटली काठोकाठ भरा आणि न्हाणीघरात नेऊन पट्टी एकदम ओढा. वरच्या भोकातून पाणी नुसतं ओघळतं. तळाच्या भोकातून मात्र जोरात उसळी मारून बाहेर येतं. पाणी जितकं खोल, तितका त्याचा दाब जास्त.

याचं मापही सोपं आहे. एक मीटर खोलीवर पाणी प्रत्येक चौरस मीटरवर एक टन जोर लावतं. दहा मीटरवर दहा टन, चाळीस मीटरवर चाळीस टन. म्हणून धरणाची भिंत वर अरुंद आणि खाली चांगली जाड असते. दगडी धरण पाण्याला थोपवतं ते मुख्यतः आपल्या वजनावर. पाणी ढकलत राहतं आणि भिंत आपल्या भाराने जागची हलत नाही. पाण्याचा एक घनमीटर एक टनाचा, तर तेवढंच दगडी बांधकाम दोन टनांहून जास्त भरतं.

आता मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट सांगतो. भिंतीवरचा दाब पाणी मागे किती लांबवर पसरलंय यावर अवलंबून नसतो. तलाव भिंतीमागे शंभर मीटर पसरलेला असो की दहा किलोमीटर, पाण्याची उंची तीच असेल तर भिंतीवरचा जोर तोच! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला पटेना. एवढा अवाढव्य तलाव, त्याचा काहीच भार नाही? पण बाटलीचा प्रयोग एखाद्या रुंद बादलीत करून बघा. पाण्याची उंची बाटलीइतकीच ठेवा. धार तेवढीच लांब जाईल. धरणाच्या गावात एकच राजा असतो, तो म्हणजे पाण्याची उंची. दारं तीच उघडते आणि वीजही तीच देते.

आणखी एक पायरी चढा. उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. कारण पाणी जास्त जागेवर ढकलतं आणि शिवाय खालच्या भागावर जास्त दाबानं ढकलतं. दोन्हींचा गुणाकार होतो. म्हणजे उंची फक्त दहा टक्क्यांनी वाढली तरी जोर एकवीस टक्क्यांनी वाढतो. (1.1 ला 1.1 ने गुणून बघा.)

या हिशेबातच स्वयंचलित दाराचं गुपित आहे. अशा दाराला एका बाजूनं पाणी ढकलत असतं आणि दुसऱ्या बाजूनं त्याला मोजूनमापून ठरवलेलं जड वजन तोलून धरत असतं. पाणी ठरलेल्या पातळीच्या खाली आहे तोवर वजन जिंकतं, दार बंद. पाणी थोडं वर चढलं की जोर मात्र भराभर वाढतो, वजनाला पुरून उरतो आणि दार सरकतं. पाणी धो धो बाहेर पडायला लागतं. तलावाची पातळी उतरली की जोर कमी होतो, वजन पुन्हा जिंकतं आणि दार मिटतं. रात्रंदिवस हा झगडा चालू असतो आणि निकाल पाणीच लावतं.

अशी दारं करायची गरज काय पडली? रोज बटण दाबायला एक माणूस ठेवला असता तर भागलं नसतं का? जरा त्या रात्रीचा विचार करा ज्या रात्री धरण भरतं. त्याच रात्री सर्वांत जास्त पाऊस असतो. झाडं पडून रस्ते बंद होतात, तारा तुटून वीज जाते, फोन लागत नाही. नेमकी दारं उघडायची घटका आणि माणसाचे हात पोचणं सर्वांत अवघड, अशी ती वेळ. म्हणून हुशार अभियंत्यांनी ते काम पाण्यावरच सोपवलं. आपल्या महाराष्ट्राला या दारांची जुनी ओळख आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांच्या जन्मदिवशी म्हणजे 15 सप्टेंबरला आपण अभियंता दिन पाळतो, ते पुण्यात शिकले आणि त्या वेळच्या मुंबई इलाख्यात नोकरीला होते. त्यांनी आपल्या रचनेची स्वयंचलित दारं 1903 साली पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर बसवली.

तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, की दारंच नसती तर? सांडव्याची, म्हणजे जास्तीचं पाणी जिथून सोडतात त्या भागाची भिंत नुसती थोडी बुटकी ठेवायची, पाणी वरून निघून जाईल. शाबास, प्रश्न बरोबर आहे आणि पुष्कळ धरणांत तसंच करतात. पण तलावाचा आकार लक्षात घ्या. तो दरीत भरलेला असतो. दरी खाली अरुंद, वर रुंद. त्यामुळे तळातल्या एक मीटरात जेवढं पाणी मावतं त्याच्या कितीतरी पट पाणी वरच्या एका मीटरात मावतं. दारं लावली की हा वरचा, सगळ्यात मोलाचा थर अडवता येतो आणि धोका दिसला तर सोडूनही देता येतो. उन्हाळ्यात कित्येक गावं या वरच्या थरावर जगतात.

चला, आता जरा आकडेमोड. बातम्यांत ‘क्युसेक’ हा शब्द येतो. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. राधानगरीचं एक दार उघडलं की 1428 क्युसेक पाणी सुटतं. म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर! तुमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल, तर अशा चाळीस टाक्या एका सेकंदात रिकाम्या झाल्या असं समजा. आणि हे एका दाराचं.

1428 हा आकडा मला बरेच दिवस खटकत होता. 1400 नाही, 1500 नाही, 1428 कुठून आला? मग एकदा सहज त्याला सातनं गुणलं. उत्तर आलं 9996. म्हणजे जवळजवळ दहा हजार! सातही दारं उघडी असताना दहा हजार क्युसेक सुटावेत असा हिशेब मांडला, की एका दाराच्या वाट्याला 1428 येतात. बातमीतल्या आकड्यांशी असं खेळून बघा, फार मजा येते.

दुसरा शब्द ‘टीएमसी’. तो तलावात साठलेल्या पाण्यासाठी वापरतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. राधानगरीच्या तलावात 8.36 टीएमसी पाणी मावतं. कोयना धरण शंभर टीएमसीच्या वरचं आहे, शेजारचं दूधगंगा म्हणजे काळम्मावाडी धरण पंचवीसच्या घरातलं. त्यांच्यापुढे राधानगरी धाकटं. पण वयानं ते थोरलं आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोल्हापूर संस्थानचे राजे राजर्षी शाहू महाराज यांनी हे धरण बांधायला काढलं. 1902 साली ते इंग्लंडला जाऊन आले होते आणि त्याच वर्षी त्यांनी संस्थानात पाटबंधाऱ्यांचं धोरण आखलं. दुष्काळात माणसं आणि जनावरं कशी हाल काढतात हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. धरणाजवळच्या गावाला त्यांनी मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं, म्हणून राधानगरी. तलावाला राणीसाहेबांचं, लक्ष्मीबाईंचं नाव दिलं, म्हणून लक्ष्मी तलाव. पण एवढं मोठं काम म्हणजे पैसा पाण्यासारखा लागतो. संस्थान लहान. काम अर्ध्यावर थांबलं. 1922 साली महाराज गेले, तेव्हा भिंत अपुरीच होती. ती पुरी झाली स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात. ज्या राजानं धरणाचा ध्यास घेतला त्याला ते भरलेलं बघायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. महाराजांनी बांधलेला बेनझीर व्हिला नावाचा एक बंगलाही इथं आहे. उन्हाळ्यात तलाव खूप आटला की त्याचे दगडी अवशेष दिसू लागतात.

आता भिंतीच्या पायथ्याला, वीजघराकडे वळू. धरणाच्या पोटातून मोठाल्या लोखंडी नळातून पाणी खाली येतं. नळाच्या टोकाला टर्बाइन असतं, म्हणजे वाकड्या पात्यांचं जड चाक. पाण्याच्या जोरानं चाक फिरतं, चाकाच्या दांड्यावर बसवलेलं जनित्र फिरतं, आणि तारांतून वीज निघते. वीजघराच्या आसपास गेलात की आधी आवाज पायांना कळतो. जमीन बारीक थरथरते. कानाला तो घुमारा जरा उशिरा जाणवतो.

वीज किती मिळते याचंही गणित तुम्हाला करता येईल. एक टन पाणी, म्हणजे हजार लिटर, दर सेकंदाला एक मीटर खाली पडलं तर जवळजवळ दहा किलोवॅट ताकद मिळते. या वीजघरातून अनेकदा 1400 क्युसेकच्या आसपास पाणी जातं. म्हणजे सेकंदाला चाळीस टन. समजा ते 25 मीटर खाली पडलं. 40 गुणिले 25 गुणिले 10, म्हणजे 10 हजार किलोवॅट, म्हणजेच 10 मेगावॅट. घर्षणात आणि यंत्रात त्यातलं थोडं वाया जातं. आता उंची 25 ऐवजी 15 मीटर धरा. पाणी तेवढंच, पण वीज 6 मेगावॅटवर आली. तलाव जसा आटत जातो तशी त्याच पाण्यातून वीज कमी कमी मिळते, ती यामुळे. सांगितलं ना, इथं राजा एकच.

आपल्याकडे 25 मेगावॅटपर्यंतच्या जलविद्युत केंद्राला लघु म्हणतात. कोयना सगळं मिळून 1,960 मेगावॅटचं. त्याच्या तुलनेत राधानगरीची वीज चिमूटभर. पण ज्यांना वीज हवी त्यांच्या दाराशीच ती तयार होते, कोळसा जळत नाही, राख उरत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चाक फिरवून झाल्यावर पाणी संपत नाही! ते जसंच्या तसं नदीत उतरतं आणि शेताकडे निघतं.

शेतापर्यंत पाणी जायची रीतही इथली निराळी. धरण म्हटलं की आपल्याला कालवे आठवतात. इथं कालव्याचं काम मुख्यतः नदीच करते. उन्हाळ्यात धरणातून सोडलेलं पाणी भोगावतीतून वाहतं. वाटेत ठिकठिकाणी बुटके बंधारे आहेत, ते त्याला अडवून धरतात. यांना महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ म्हणतात, कारण ही पद्धत इथूनच सगळीकडे गेली. बंधारा म्हणजे नदीपात्रात ओळीनं उभे असलेले दगडी खांब. प्रत्येक खांबाला उभ्या खाचा. पावसाळा संपला की त्या खाचांमध्ये फळ्या बसवतात. या फळ्यांना बरगे म्हणतात. दोन ओळींत बरगे लावून मध्ये माती ठासली की पाणी अडतं. जूनच्या आधी सगळे बरगे काढून ठेवायचे, म्हणजे पुराचं पाणी खांबांमधून मोकळं निघून जातं. उन्हाळ्यात अडवणारी आणि पावसाळ्यात वाट देणारी भिंत! साधी, स्वस्त आणि डोकेबाज. धरणाइतकाच मी या बरग्यांचा चाहता आहे.

अडलेल्या पाण्यात शेतकरी मोटारी टाकतात आणि पाणी उपसून उसाला, भाजीला देतात. पाणी कमी असलं की पाटबंधारे खातं काही दिवस उपसाबंदी जाहीर करतं. म्हणजे त्या दिवसांत मोटारी बंद, कारण खालच्या गावांपर्यंतही पाणी पोचायला हवं. वरच्या माणसानं हात आवरला नाही तर खालच्याचं शेत वाळतं. म्हणून या पाण्यावरून भांडणंही होतात, आणि ती मोठ्या माणसांनी एकत्र बसूनच सोडवावी लागतात.

पावसाळ्यात हीच भोगावती कासारी, कुंभी, तुळशी यांना भेटून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि कोल्हापुरात शिरते. शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना पोचलं की इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी. राधानगरीची दारं उघडली ही बातमी लोक एवढ्या कान देऊन का ऐकतात ते आता कळलं ना? सातही दारं उघडी आणि वीजघरही चालू असेल, तर एकट्या या धरणातून दिवसाला जवळजवळ एक टीएमसी पाणी नदीत येतं.

तुम्हीही धरण बघायला जरूर जा. तुमच्या जिल्ह्यातही एखादं असेलच. मोठ्या माणसांबरोबर जा, परवानगी लागत असेल तर ती घ्या, आणि मना केलेल्या जागी पाऊल टाकू नका. धरणाखालच्या नदीपात्रात तर मुळीच उतरू नका. ते कोरडं दिसलं तरी पाणी कधीही सुटू शकतं. भोंगा वाजला की लगेच काठावर, फोटोसाठीसुद्धा थांबायचं नाही. घरी आल्यावर वही घेऊन बसा आणि बातमीतल्या क्युसेकवरून तुमच्या धरणातून दिवसाला किती पाणी गेलं ते काढा. त्यासाठी हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: 11,574 क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं.